साफ केलं की दोन दिवस पळतं, परत त्याच पॉइंटवर अडतं: मॉडेल रेल्वेच्या शंटिंग लेआउटचं जुनं दुखणं

आधी लक्षण सांगतो, तुमचंही हेच असेल तर पुढे वाचा. पाच फूट बाय एक फुटाची प्लायची फळी, त्यावर एचओचा म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेचा ट्रॅक, दोन पॉइंट (रुळाला फाटा फुटतो ती जागा), तीन सायडिंग (डबे उभे करायच्या बाजूच्या लाइनी) आणि डबे पुढेमागे करून लावणारं एक छोटं चार चाकी शंटिंग इंजिन. रूळ पुसून घेतले की इंजिन एक-दोन दिवस मस्त चालतं, आणि मग परत एका ठराविक पॉइंटवर मधोमध येऊन थांबतं, बोटाने टिचकी मारली की पुढे जातं, परत येताना परत थांबतं. मग परत पुसापुशी. परत दोन दिवस. सोलापुरात धूळच लई असं म्हणून आपण सोडून देतो आणि दर रविवारी खेळण्याऐवजी रूळ पुसत बसतो.

धूळ आहेच, ते कुणी नाकारत नाही. पण धूळ सगळ्या लेआउटवर सारखीच पडते ना, मग इंजिन सरळ रुळावर का थांबत नाही, पॉइंटवरच का थांबतं? याचं उत्तर मिळालं की अर्धं काम झालं, म्हणून दोन मिनिटं तिथे काढू.

इंजिनाला चार चाकं. डावीकडची दोन डाव्या रुळावरून करंट घेतात, उजवीकडची दोन उजव्या. सरळ रुळावर एका चाकाखाली घाण आली तर त्याच बाजूचं दुसरं चाक काम भागवतं, दोन्ही चाकांखाली एकाच क्षणी घाण येणं तसं क्वचित. आता पॉइंटवर या. जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो फ्रॉग जर प्लास्टिकचा असेल किंवा धातूचा असूनही त्याला करंट मिळत नसेल, तर त्या बाजूचं एक चाक त्याच्यावर चढलं की मेलं. उरलं एकच. आणि ते एक चाक त्या वेळी नेमकं पॉइंटच्या हलत्या ब्लेडवर (मार्ग बदलणारा टोकदार रूळ) किंवा दोन रूळ जोडणाऱ्या एखाद्या ढिल्या जॉइनरपाशी असतं. म्हणजे सगळा कारभार एका टिंबाएवढ्या टेकण्यावर चाललाय, तिथे जराशी धूळ आली की संपलं. तुम्ही पुसता तेव्हा ते एक टिंब तात्पुरतं चकचकीत होतं एवढंच, बाकी अडचण आहे तशीच राहते. शंटिंगमध्ये इंजिन मुंगीच्या चालीने चालवायचं असतं, त्यामुळे वेगाच्या जोरावर ती मेलेली जागा पार करणंही जमत नाही. गोल लेआउटवर फास्ट पळणारं मोठं इंजिन त्याच पॉइंटवरून बिनधास्त जातं आणि लोकांना वाटतं पॉइंट चांगला आहे.

त्यात अजून एक. इंजिन उलटं करून चाकं बघा, एखाद्या चाकावर रबराची बारीक रिंग दिसते का? तो ट्रॅक्शन टायर, ओढण्याची ताकद वाढवायला लावतात. पण रबरातून करंट येत नाही, म्हणजे तुमचं चार चाकी इंजिन प्रत्यक्षात तीन चाकांवर जगतंय, आणि रिंगच्या बाजूचं दुसरं चाक फ्रॉगवर गेलं की त्या बाजूला शून्य. अशा इंजिनाला कितीही स्वच्छ रूळ द्या, मेलेल्या फ्रॉगवर ते थांबणारच. आठ वॅगनच्या शंटिंगला एवढी ताकद लागतही नाही, त्या मॉडेलसाठी साधा चाकांचा सेट मिळत असेल तर बदलून टाका.

आता कारण शोधायचं कसं. काहीही उघडायच्या आधी पेन्सिल घ्या. इंजिन अगदी हळू चालवा, थांबलं की पुढचं चाक जिथे आहे तिथल्या स्लीपरवर खूण करा. दोन्ही दिशांनी, पॉइंटच्या दोन्ही मार्गांवर, आणि इंजिन उलटं फिरवून परत. खुणा एकाच जागी जमल्या तर दोष ट्रॅकचा. इकडे तिकडे विखुरल्या तर दोष इंजिनाच्या चाकांचा किंवा चाकांवरून करंट घेणाऱ्या आतल्या पिकअप पत्त्यांचा, मग ट्रॅक सोडा आणि इंजिनाकडे वळा. आणि खुणा ब्लेडच्या सुरुवातीला जमल्या तर ब्लेडचा कॉन्टॅक्ट जातोय, फ्रॉगवर जमल्या तर फ्रॉग मेलाय, पॉइंट संपल्यावर जमल्या तर जॉइनर. इंजिन थांबलेलं असताना माचिसच्या काडीने ब्लेड बाजूच्या रुळाकडे हलकेच दाबून बघा, इंजिन हललं तर निदान पक्कं.

मल्टिमीटरवाल्यांसाठी खास सूचना, कारण इथे भलेभले फसतात. सोलापूरच्या पूर्व भागात एका मित्राकडे लेआउट आहे, वरच्या मजल्यावर, खाली माग चालतात. त्याची तिसरी सायडिंग अधूनमधून मरायची. मीटर लावला तर ११.८ व्होल्ट, म्हणजे एकदम ठणठणीत, रुळांना करंट देणाऱ्या कंट्रोलरपाशीही तेवढेच. पण इंजिन ठेवलं की घरघर करून गप्प. मग मोटारसायकलचा पार्किंगचा बल्ब आणला, १२ व्होल्ट ५ वॅटचा, त्याला दोन वायरी लावल्या आणि त्या रुळांवर टेकवल्या. कंट्रोलरपाशी झगझगीत पांढरा. पहिल्या पॉइंटच्या अलीकडे तसाच. पॉइंटच्या पलीकडे नुसती तार लाल झालेली दिसत होती, उजेड नाहीच. आणि बल्ब तिथे लावलेला असताना मीटर धरला तर तोच ११.८ वाला मीटर आता तीन व्होल्टच्या आसपास दाखवत होता. कारण साधं आहे, मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे केसाएवढ्या कॉन्टॅक्टमधूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. ५ वॅटचा बल्ब ०.४ अँपियरच्या आसपास ओढतो, म्हणजे साधारण इंजिनाएवढाच, त्यामुळे सडका जोड लगेच उघडा पडतो. हा बल्ब ऑटो पार्ट्सच्या कुठल्याही दुकानात मिळतो आणि माझ्या मते या कामात मीटरपेक्षा जास्त उपयोगी आहे. फक्त फार वेळ धरून बसू नका, काच तापते आणि प्लास्टिकच्या स्लीपरला टेकली की डाग पडतो.

बल्ब घेऊन दर रुळाच्या तुकड्यावर फिरा. जिथे बल्ब मंद होतो त्याच्या अलीकडचा जोड खराब. पत्र्याचे ते छोटे जॉइनर फक्त रूळ सरळ रेषेत धरायला आहेत असं समजा, करंट न्यायला त्यांच्यावर भरवसा ठेवू नका, नवीन असताना चालतात आणि वर्षभरात ढिले पडतात. फळीखालून घरच्या वायरिंगची एक स्क्वेअर एमएमची दोन रंगांची वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या आणि प्रत्येक रुळाच्या तुकड्यापासून या वायरपर्यंत बारीक वायरचा वेगळा फीडर सोल्डर करा. लाल एका बाजूला, काळी दुसऱ्या, आणि हे शेवटपर्यंत पाळा. सोल्डर करताना रोझिनवालाच फ्लक्स, ते नळाच्या कामाचं अॅसिडवालं लावलं तर काही महिन्यांत जोड हिरवा पडतो. इस्त्री म्हणजे सोल्डरिंग आयर्न चांगलं तापवून पटकन लावा आणि पटकन काढा, थंड इस्त्रीने रेंगाळत बसलात की स्लीपर वितळले म्हणून समजा.

आता ब्लेड. बहुतेक तयार पॉइंटमध्ये हलतं ब्लेड बाजूच्या रुळाला जाऊन टेकतं आणि त्या टेकण्यातूनच त्याला करंट मिळतो. गिट्टी चिकटवताना पातळ केलेला फेव्हिकॉल तिथे झिरपला, रुळाला रंग मारताना आतल्या बाजूला लागला, की तो कॉन्टॅक्ट जातो. टोकदार काडीने खरवडून साफ होतं, पण परत दोन महिन्यांनी तेच. कायमचा उपाय म्हणजे प्रत्येक ब्लेडचा रूळ त्याच्या शेजारच्या बाहेरच्या रुळाला खालून वायरने जोडून टाकणे. डावं ब्लेड डाव्या रुळाला, उजवं उजव्याला. त्या ब्लेडवरून जाणारी चाकं त्याच बाजूची असतात, त्यामुळे पोलॅरिटीचा घोळ होत नाही. एक गोष्ट जाईल, पॉइंट ज्या सायडिंगकडे आहे तिलाच करंट मिळायचा ही सोय राहणार नाही, सगळ्या सायडिंग कायम चालू. एकच इंजिन असेल तर काय फरक पडतो?

पण थांबा, हे करण्याआधी तुमच्या पॉइंटची जात बघा. ट्रॅक बनवणाऱ्या पेको कंपनीच्या भाषेत इन्सुलफ्रॉग म्हणजे फ्रॉग प्लास्टिकचा, त्यात वरचं काम सरळ होतं. इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये फ्रॉग धातूचा आणि दोन्ही ब्लेड त्याला आतून जोडलेली असतात, तिथे तसंच वायर मारलंत तर थेट शॉर्ट. त्यात आधी ब्लेडकडून फ्रॉगकडे येणारे दोन्ही रूळ फ्रॉगच्या अलीकडे कापून वेगळे करायचे, फ्रॉगच्या पलीकडे आतल्या दोन्ही रुळांना इन्सुलेटेड जॉइनर लावायचे किंवा तिथेही कापायचं, मग फ्रॉग एकटा बेटासारखा उरतो. नव्या युनिफ्रॉगमध्ये धातूचा तुकडा छोटा असतो, आधीच वेगळा केलेला असतो आणि खालून वायर काढून दिलेली असते, ती लोक गुंडाळून तशीच ठेवतात. ती वापरा राव, त्यासाठीच दिलीय.

फ्रॉगला करंट द्यायला काही महागडं लागत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला साधा स्लाइड स्विच घ्या, मधल्या टर्मिनलला फ्रॉगची वायर, बाजूच्या दोन टर्मिनलला लाल आणि काळी. स्विचच्या दांडीला भोक पाडून त्यातून सायकलच्या स्पोकसारखी ताठ तार पॉइंटची ब्लेड हलवणाऱ्या सरकपट्टीपर्यंत न्या. फळीच्या कडेला स्विच सरकवला की पॉइंटही बदलतो आणि त्याच वेळी फ्रॉगची पोलॅरिटीही बदलते, दोन कामं एका हातात, आणि पॉइंट मोटरचा खर्च वाचतो. चाक फ्रॉगला लागल्या लागल्या कंट्रोलर ट्रिप झाला तर लाल-काळी उलटी लागलीय, अदलाबदल करा, बस. फ्रॉग जिवंत झाला की चार चाकी इंजिन तिथे थांबायचं निम्मं कारण तिथेच संपतं.

प्लास्टिक फ्रॉगच्या काही पॉइंटवर उलटा प्रकार होतो, इंजिन थांबण्याऐवजी ठिणगी पडून कंट्रोलर झटका देतो. फ्रॉगच्या टोकाशी दोन विरुद्ध रूळ फार जवळ येतात आणि रुंद चाक दोघांना एकदम शिवतं. तिथे बिनरंगाची नेलपॉलिश दोन हात लावा, मिलिमीटरभर जागेत. घासून गेली की परत लावा.

आता खास आपल्याकडचा प्रकार, जो पुण्या-मुंबईच्या मंडळींना फारसा कळणार नाही. सकाळी सगळं छान, दुपारी दोननंतर शॉर्ट, रात्री परत छान. मार्च ते मे. वरची पत्र्याची खोली असेल तर हमखास. हे वायरिंग अधूनमधून बिघडतंय असं वाटतं आणि माणूस आठवडाभर खालच्या वायरी उपसत बसतो. होतं काय, रूळ निकेल सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचे, नावात सिल्व्हर असलं तरी चांदी औषधालाही नाही. एक मीटरचा रूळ ३० अंश तापमान वाढलं की साधारण अर्धा मिलिमीटर लांब होतो. त्यात आपला कोरडा उन्हाळा, हवा सुकी की खालचं लाकूड आकसतं, रूळ वाढतो आणि फळी कमी होते. आणि फ्रॉगपाशी आपण पातळ करवतीने जो काप घेतला तोही साधारण अर्ध्या मिलिमीटरचाच! दुपारी दोन टोकं एकमेकांना टेकतात आणि शॉर्ट. खात्री करायची तर शॉर्ट असतानाच त्या फटीत व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा घुसवून बघा, जात नसेल तर हेच. फट परत कापा, त्यात पातळ प्लास्टिकची चकती घाला, इन्स्टंट ग्लूचा थेंब सोडा, वाळल्यावर रुळाच्या आकारात कानसीने घासून घ्या. आणि सगळे जॉइनर सोल्डर करून रूळ जखडून टाकू नका, दर मीटरला एखादा जोड मोकळा ठेवा, करंट फीडर देतातच. डिसेंबरात ट्रॅक टाकत असाल तर जोडात नखाएवढी फट सोडा, मेमध्ये टाकत असाल तर जवळजवळ चिकटवून टाका, कारण रूळ तेव्हा आधीच वाढलेले असतात.

धुळीबद्दल. आपल्याकडे नुसती माती नाही, रुईचे बारीक तंतू पण असतात, अक्कलकोट रोड एमआयडीसी किंवा पूर्व भागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. हे तंतू रुळावर दिसत नाहीत, ते इंजिनाच्या अॅक्सलला गुंडाळले जातात, तिथल्या तेलात भिजतात आणि गिअरमध्ये दाट करडी वात बनवतात. मग इंजिन जड चालतं, करंट जास्त ओढतं, आणि जो जोड आधीच कच्चा आहे तो अजून उघडा पडतो. महिन्यातून एकदा खालचं कव्हर काढून चिमट्याने हे ओढून काढा, तेल सुईच्या टोकाएवढंच.

रूळ पुसायला टॉवेल नको. आपल्या गावचा असला तरी नको, टेरी टॉवेलचे तंतू सुटतात आणि पॉइंटच्या ब्लेडमध्ये अडकतात. जुना धुतलेला बनियन उत्तम. सॅंडपेपर तर अजिबात नको, त्याच्या चऱ्यांमध्ये घाण अजून पक्की बसते. पेंटच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन कापडावर थोडंसं घ्या, पुसा, मग कोरड्या कापडाने परत पुसा. खिडकी उघडी ठेवा, जवळ उदबत्ती, सोल्डरिंग काही नको, आणि प्लास्टिकवर लावण्याआधी कोपऱ्यात तपासा. चाकांसाठी तेच कापड रुळावर आडवं टाका, इंजिनाची दोन चाकं कापडावर, दोन रुळावर, आणि हाताने धरून फिरू द्या, कापडावर काळ्या रेघा उमटतील, मग इंजिन फिरवून दुसरी दोन. खेळून झाल्यावर लेआउट झाकायचा, पण त्यावर चादर टाकायचा मोह आवरा, प्लास्टिक शीट बरी. शेंगा चटणी खाल्लेल्या हाताने रुळाला शिवणाऱ्या पोरांचं काय करायचं ते ज्याने त्याने बघावं.

आठ वॅगन आणि ५-३-३ सायडिंगचं (पाच, तीन आणि तीन वॅगन मावतील अशा लाइनी) जे कोडं अॅलन राइटने लोकप्रिय केलं, इंगलनूक, त्यात आठातून पाच वॅगन ठरलेल्या क्रमाने लावायच्या असतात, ६,७२० प्रकारे लागू शकतात. म्हणजे एका डावात इंजिन तेच दोन पॉइंट कितीतरी वेळा ओलांडतं. दोनातला एक कच्चा असेल तर खेळाची मजा गेलीच, म्हणून या दोन पॉइंटवर केलेला खर्च आणि वेळ बाकी झाडं-इमारतींच्या आधी.

काही जणांना आपल्या जिल्ह्यातली बार्शी लाइट रेल्वे करायची असते, कुर्डुवाडीला नॅरोगेजमधून ब्रॉडगेजमध्ये माल उतरवायचा सीन. कल्पना झकास आहे, १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश इंजिनिअरने सुरू केलेली अडीच फुटी लाइन, ७६२ मिलिमीटर म्हणजे १:८७ मध्ये पावणेनऊ, सरळ ९ मिलिमीटरचा ट्रॅक वापरता येतो. पण त्या छोट्या इंजिनांच्या चाकांमधलं अंतर अजून कमी आणि वजनही कमी, त्यामुळे वर सांगितलेलं सगळं तिथे दुप्पट लागू. नॅरोगेजच्या बाजूला जिवंत फ्रॉगशिवाय सुरुवातच करू नका.

एवढं करूनही एकच खूण परत परत त्याच स्लीपरवर येत असेल तर करंट सोडा, पातळी बघा. आरशाचा छोटा सपाट तुकडा त्या जागी रुळांवर ठेवा, डुगडुगला तर एक रूळ खाली आहे, चार चाकी इंजिनाचं एक चाक तिथे हवेत राहतं आणि हवेतून करंट मिळत नाही. स्लीपरखाली कागदाची घडी सरकवून उचला, आरसा हलायचा थांबेपर्यंत. वॅगन घसरत असतील तर त्यांचं वजन बघा, चार इंची वॅगन ८५ ग्रॅमच्या जवळपास हवी, कमी असेल तर आत नट चिकटवा, आणि चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास आहे का ते कॅलिपरने मोजा. डीसीसीवाल्यांना (रुळातून डिजिटल कंट्रोल देणाऱ्यांना) कीप-अलाइव्ह कपॅसिटरचा, म्हणजे करंट क्षणभर गेला तरी इंजिन चालू ठेवणाऱ्या साठ्याचा पर्याय आहे, तो जरूर लावा, पण फ्रॉगची वायर जोडून झाल्यावर.